चिंचेखालीची पाटी

बाय, पाटी लावली. तुला विचारलं नाही, कारण विचारायला तू जागेवर नाहीस. आणि असतीस तर ती पाटी आजही आपल्या पडवीत भिंतीला टेकून उभी असती, हे तुलाही माहीत आहे. वरच्या ओळीत तुझं म्हणणं आहे, खालच्या ओळीत माझं. रंगाऱ्याने विचारलं, दोन्ही ओळींची अक्षरं सारखी ठेवू का. म्हटलं, वरची मोठी ठेव, नाहीतर ती वरून खाली येऊन भांडेल.

तुझे दिवस झाले. माणसं आली, तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलून गेली. हिराबाय फार शांत बाई होती, असं एकीने म्हटलं तेव्हा मी मान हलवली आणि चहा बघायला आत गेले. तू आणि शांत. तुझ्याशी दोन शब्द वाजवल्याशिवाय माझा सकाळचा चहा उकळायचा नाही. आता एकटीच चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभी असते, आणि चहा गपचूप उतू जातो.

आपण दोघी जावा एका घरात पडलो, तू थोरली, मी धाकटी. तू खारबावची, भातशेतीत वाढलेली. मी निजामपुऱ्याची, मागच्या भिंतीपलीकडे पॉवरलूम चालू नसली तर झोप न येणारी. मी अंजूरला सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तू मला म्हणालीस, "जा, चिंचेखाली जाऊन भाऊंना डबा दे." मी सासऱ्यांचा डबा घेऊन अख्खा रस्ता पालथा घातला. चिंच कुठेच नाही. घामाघूम होऊन परत आले तर तू विचारलंस, "गवसली न्हाय?" आणि ओट्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. झाड रस्ता रुंद करताना कधीच तोडलं होतं. शेत गेलं, त्यावर गोडाऊनं आली, पिवळं गेट आलं, कंटेनर आले. नाव मात्र तिथून हललं नाही. रिक्षावाले, दूधवाला, ग्रामपंचायतीचा शिपाई, सगळ्यांच्या तोंडी चिंचेखाली. मी कित्येक वर्षं त्यावरून तुला चिडवलं.

मग त्या दुपारी त्याच नावाने आपल्याला रडवलं.

तुझ्या भाचीच्या हळदीहून आपण खारबाववरून येत होतो. सुनील गाडी चालवत होता, आपण दोघी मागे, मांडीवर तांदळाच्या भाकऱ्यांचं गाठोडं. पट्टा कुणी लावला नव्हता. जवळच तर जायचं होतं. पिवळ्या गेटमधून कंटेनर मागे येत होता, सुनीलने गाडी वळवली आणि ती रस्त्याच्या कडेवरून गटाराच्या कठड्यावर जाऊन आदळली. माझ्या कपाळाला खरचटलं, तुझा हात मुरगळला. सुनीलचं डोकं पुढे आपटलं होतं. त्याला बोलता येत होतं, पण मान जरा हलली की तो ओरडायचा. माझ्या नवऱ्याला मी त्याआधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

माणसं धावत आली. आपल्याकडे माणसं धावून येतात, हे मान्य करायलाच हवं. कुणी म्हणालं, उचला, टेम्पोत टाका. कुणी चप्पल हुंगायला द्या म्हणालं. आणि सगळ्यांत मोठ्याने तू. "पानी आना, पयला त्याला पानी पाजा." बाटली आली, तू त्याच्या तोंडाला लावली, निम्मं पाणी गळ्यावरून खाली गेलं, त्याला ठसका लागला. त्या ठसक्याने तो परत ओरडला. तेव्हा तू बाटली फेकलीस, मागच्या सीटवरून पुढे वाकलीस आणि मुरगळलेला हात विसरून दोन्ही हातांनी त्याचं डोकं होतं तसं धरून ठेवलंस. धरलं की त्याचं कण्हणं कमी व्हायचं, एवढंच तुला कळलं होतं.

मी रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. पलीकडची बाई चांगली होती, आवाज शांत होता. तिने विचारलं, तुम्ही कुठे आहात? माझ्या डोक्यात काहीच येईना. मी तुझ्याकडे बघितलं. तू वळूनही न बघता म्हणालीस, "चिंचेखाली, सांग." मी सांगितलं. अंजूरला, चिंचेखाली. ती म्हणाली, जवळची खूण? म्हटलं, चिंचेखालीच.

थोड्या वेळाने रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचा फोन आला. "मॅडम, मी चिंचेखाली उभा आहे. तुम्ही दिसत नाही."

म्हटलं, "अहो, आम्हीपण चिंचेखालीच उभे आहोत."

आज हे सांगितलं की माणसं हसून लोळतात. तूही नंतर हसायचीस, तोंडाला पदर लावून. त्या क्षणी मात्र हसू कुणालाच येत नव्हतं. तो बिचारा खाडीच्या अंगाला एका खरोखरच्या चिंचेच्या झाडाखाली गाडी लावून उभा होता, आणि हॉर्न वाजवत होता. आणि इथे गर्दी मला म्हणत होती, वहिनी, किती वाट बघणार, टेम्पोत टाकू. मलाही तेच हवं होतं. मी तुझ्यावर ओरडले, बाय, सोड त्याला, घेऊन जाऊ दे. तू डोकं धरूनच माझ्याकडे बघितलंस.

"हात न्हाय लावायचा," तू म्हणालीस. "हलवला का वरडतो तो. माझा दीर हाय. कोनी हात न्हाय लावायचा."

शेवटी गोडाऊनमधला शिवपूजन पळत आला. आपण तेव्हा त्याला ओळखतही नव्हतो. माल चढवणारा एक हमाल, एवढंच. त्याने खांद्यावरचा लाल गमछा काढला, रस्त्यात उभा राहिला आणि येणारे कंटेनर थांबवले, नाहीतर आपल्यावर मागून आणखी एक येऊन बसला असता. मग माझ्या हातातला फोन घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "भैया, पीले गेट का गोदाम पूछ लो, कोई भी बता देगा." मला फोन परत देताना म्हणाला, "हमको गेट मालूम है भाभी, इमली नहीं मालूम." रुग्णवाहिका आली. त्या माणसांनी सुनीलच्या मानेला पट्टा बांधला, फळीवर घेतलं. तू डोकं सोडलंस तेव्हा तुझी बोटं सरळ होत नव्हती.

आपल्या पाटीच्या वादाचं मूळ तिथे आहे. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मानेच्या मणक्याला बारीक चीर आहे, बरं झालं तुम्ही त्याला ओढून काढलं नाही. मी तुझ्याकडे बघितलं, आणि तू अशी बसली होतीस की जणू हे तुला जन्मापासून माहीत होतं. मग डॉक्टरांनी विचारलं, पाणी वगैरे पाजलं नाही ना? तू खिडकीबाहेर बघायला लागलीस.

असा माणूस शुद्धीत-बेशुद्धीत असला की पाणी श्वासनळीत जातं, शिवाय ऑपरेशन करायचं ठरलं तर पोट रिकामं लागतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि मग उसळलीस. "मंग हे आमाला कोनी सांगायचा? आमी जल्मभर पानीच पाजीत आलो. मरणाऱ्याला पानी पाजायचा, हाच आमाला शिकवला." डॉक्टर निघून गेले होते. तिथे एक सिस्टर होती, सलाईन बदलत होती. ती म्हणाली, "मावशी, विचारलंत म्हणून सांगते, बसा." आणि चहाच्या सुट्टीत बाकावर बसून तिने सांगितलं. आधी स्वतः सुरक्षित उभं राहायचं, गाडीचं इंजिन बंद करायचं, मागून येणाऱ्या गाड्या कुणीतरी थांबवायच्या. आग किंवा धूर असेल तरच माणसाला बाहेर ओढायचं, नाहीतर डोकं-मान हलू द्यायची नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडका दाबून धरायचा, सारखा उचलून बघायचा नाही. तोंडातून काही द्यायचं नाही. फोन करताना जागा नीट सांगायची.

जागा नीट सांगायची, म्हणताना तिने हसू दाबलं. ड्रायव्हरने तोवर अख्ख्या दवाखान्यात आपली गोष्ट पसरवली होती.

पोलीस आले तेव्हा त्यांनी शिवपूजनबद्दल विचारलं. तो कधीच पळाला होता, केस होईल या भीतीने. त्यावरही तू सिस्टरला धरलंस. ती म्हणाली, मदत करणाऱ्याला कुणी डांबून ठेवू शकत नाही, नाव सांगायचं नसेल तर सांगायची सक्ती नाही. तुला हे एवढं पटलं की सुनील घरी यायच्या आधीच तू भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून पिवळ्या गेटवर गेलीस. मी मागून आले होते. तुझं ते हिंदी मी मरेपर्यंत विसरणार नाही. "तुम डरो मत. नाम न्हाय बोलनेका तो न्हाय बोलनेका. लेकिन भागनेका न्हाय." तो म्हणाला, "माताजी, पुलिस पूछेगी." तू म्हणालीस, "पूछने दो. भाकर खाव." त्यानंतर तो दर सणाला आपल्याकडे जेवायला यायला लागला.

मग घरात नवा छंद सुरू झाला. तू ओट्यावर मासे साफ करत बसायचीस आणि मी फोनवर शोधून तुला वाचून दाखवायची. निम्मं इंग्रजीत, निम्मं परस्परांशी भांडणारं. एक म्हणे असं झोपवा, दुसरा म्हणे मुळीच नको. तू सुरी थांबवून म्हणायचीस, "त्याला काय म्हाईत? सिस्टरला इचार." आणि मी खरंच सिस्टरला फोन करायची, तीही वैतागायची नाही. शेवटी तू मला म्हणालीस, "मना एवढा लक्षात न्हाय ऱ्हायाचा. माज्या तोंडात बसंल तेवढाच सांग." मग आपण ते तुझ्या तोंडात बसवलं.

आणि एकदा तुझ्या तोंडात बसलं म्हटल्यावर ते गावभर व्हायला वेळ लागला नाही. हळदीच्या मांडवात, गाणी सुरू व्हायच्या आधी, सगळे गाडीवाले एका जागी सापडतात म्हणून तू तिथेच उभी राहायचीस. "पयले ऐका, मंग नाचा." पाणी न्हाय पाजायचा. ओढायचा न्हाय. पिऊन गारी हाकायची न्हाय. पोरं हसायची, कुणी शिट्टी मारायचं, पण नवरदेवाचा बाप मान डोलवायचा, कारण त्याच्याच दारात अर्धा डझन गाड्या उभ्या असायच्या. तू दिसलीस की माणसं आपोआप सीटबेल्ट ओढायला लागली. आपल्या गाडीत तू पुढे बसायचीस, पदर सोडवून पट्टा लावायचीस, गिरणीपर्यंत जायचं असलं तरी. सुनील मान बारीकशी वळवून तुझ्याकडे बघायचा. त्याची मान वळते, बाय. पहाटे थंडीत दुखते, पण वळते. त्यासाठी मी तुला कधी एका शब्दाने काही म्हटलं नाही. आपल्यात ती पद्धत नव्हती. तू मला काही दिलंस की मी त्यात मीठ कमी आहे म्हणायची, आणि तू समजून घ्यायचीस.

पाटीचा विषय मात्र तसाच लोंबकळत राहिला. माझं म्हणणं सरळ होतं. पुन्हा कुणाचा अपघात झाला तर फोनवर सांगता येईल अशी पाटी तिथे हवी, आणि तिच्यावर लिहायचं, पिवळ्या गेटच्या गोडाऊनसमोर. तू म्हणालीस, "चिंचेखाली लिवायचा."

"बाय, तिथे चिंच नाहीये."

"नाव तर हाय ना."

"बाहेरच्या माणसाला नाव कसं कळणार? गेट डोळ्यांनी दिसतं."

"गेट आज हाय, उद्या न्हाय. चिच कवापासून हाय."

मी कपाळावर हात मारला. मग तू तुझं ठेवणीतलं अस्त्र काढलंस. "आन तुज्या म्हायेरचा पत्ता काय गं? बर्फवाल्याच्या मागं. बर्फवाला हाय?" बर्फवाला माझ्या लहानपणीच धंदा बंद करून गेला होता. आजही निजामपुऱ्यात आमच्याकडे पार्सल येतं ते बर्फवाल्याच्या मागे. तू त्या दिवशी जेवताना एक भाकरी जास्त खाल्लीस.

मी अडून राहिले, तू अडून राहिलीस. पाटीचा पत्रा आणला, पांढरा रंग दिला, आणि तो कोराच भिंतीला टेकून राहिला. दरम्यान तू गुपचूप एक चिंचोका पत्र्याच्या डब्यात पेरलास. रोप वीतभर झालं तेव्हा ते नेऊन पिवळ्या गेटच्या बाजूला, गटाराच्या कठड्यापाशी लावलंस, जिथे आपली गाडी आदळली होती तिथे. शिवपूजनला पाणी घालायला सांगितलंस. मला कळलं तेव्हा मी हसले. म्हटलं, बाय, ह्या झाडाची सावली पडेपर्यंत आपल्या दोघींचं काय होईल?

तू म्हणालीस, "तुना सावली पायजे का पत्ता पायजे?"

याला मी उत्तर शोधतच होते, आणि तू एका दुपारी जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. गंमत बघ. जिने अख्ख्या गावाला फोन कसा करायचा ते शिकवलं, तिच्यासाठी कुणाला फोन करायची वेळच आली नाही. मी चहा घेऊन आले, हाक मारली, परत मारली. तुझा हात पट्टा ओढावा तसा छातीवर होता. मला त्या हाताची फार आठवण येते. नुसती आठवण नाही, राग येतो. वाद अर्धा टाकून कुणी असं जातं का?

म्हणून पाटी लावली. वर मोठ्या अक्षरांत चिंचेखाली, खाली पिवळ्या गेटच्या गोडाऊनसमोर. मला वाटलं, झालं, दोघींचं राहिलं.

परवा सकाळी शिवपूजनचा फोन आला. "भाभी, जल्दी आओ, माताजी की जगह पर एक्सिडेंट." मी तशीच निघाले. एक चारचाकी, बाहेरगावचं कुटुंब, तोच कठडा. गाडी चालवणारा माणूस सीटवर, डोळे मिटलेले, कण्हत होता. त्याची बायको बाहेर उभी, फोन लावत. शिवपूजन लाल गमछा घेऊन रस्त्यात उभा होता, कंटेनरची रांग लागलेली. माणसं धावून आली होती, आपल्याकडे येतातच. एक म्हातारे बाबा पाण्याची बाटली घेऊन पुढे सरसावले. आणि मागून तुझ्या माहेरहून मासळी विकायला येणारी कोळीण, टोपली डोक्यावर तशीच, ओरडली, "पानी नको देऊ त्याला, हिराबाय वरडंल."

बाबा जागच्या जागी थांबले. बाटली मागे घेतली. तू नाहीस हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, बाय. तुझ्या तेराव्याला ते सगळे जेवून गेले होते. तरी कुणी हसलं नाही, आणि कुणी पाणी दिलं नाही.

मी मागच्या सीटवरून वाकून त्या माणसाचं डोकं धरलं. तू धरलं होतंस तसंच, कानांमागे बोटं लावून. त्याची बायको फोनवर बोलत होती. पलीकडून विचारलं असणार, कुठे आहात, कारण तिने मान वर करून पाटी वाचली. "चिंचेखाली," ती म्हणाली. मग खालची ओळ वाचली आणि आजूबाजूला बघून गोंधळली. "पिवळं गेट लिहिलंय. पण इथे तर गेट निळं आहे."

मी मान वर केली. गोडाऊन कुणीतरी दुसऱ्याने घेतलं होतं. गेटला ताजा निळा रंग, अजून वास येत होता. मी रोज त्या रस्त्याने जाते, आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता रुग्णवाहिका कुठे कुठे फिरणार, असं म्हणत मी त्याचं डोकं तसंच धरून ठेवलं.

रुग्णवाहिका सरळ आली. कुठे थांबली नाही, कुठे वळली नाही, कुणाला काही विचारलं नाही. त्या माणसाला फळीवर घेतलं, तो बायकोशी दोन शब्द बोललाही, आणि मग ड्रायव्हरने माझ्याकडे नीट बघितलं. तोच होता, बाय. त्या दुपारी खाडीच्या अंगाला हॉर्न वाजवत उभा राहिलेला.

"कंट्रोलवरून चिंचेखाली म्हणाले," तो म्हणाला. "म्हटलं, या वेळेला दुसऱ्या चिंचेखाली नाही जायचं. त्या मावशी कुठे आहेत?"

मी सांगितलं. दरवाजा लावताना तो म्हणाला, "पण चिंच आहे तरी कुठे हो तुमची? मला एकदा बघायची आहे."

मी कठड्यापाशी बोट दाखवलं. गुडघ्याएवढं रोप, बाजूने शिवपूजनने विटा लावलेल्या.

"एवढीशी?"

"सावली नाही अजून," म्हटलं. "पण पत्ता बरोबर आहे ना?"

तो हसला आणि गाडी घेऊन गेला. संध्याकाळी सिस्टरने कळवलं, तो माणूस धोक्याबाहेर आहे. मी घरी येऊन चहा टाकला, आणि त्या दिवशी तो उतू गेला नाही, मी त्याच्यासमोर उभं राहून तुझ्याशी भांडत होते.

उद्या रंगारी येतोय, बाय. खालची ओळ पुसून नवीन काय लिहायचं, ते अजून ठरत नाही. वरच्या ओळीला मात्र हात न्हाय लावायचा, असं त्याला सांगून ठेवलंय.